तांब्याच्या पत्र्यावरचा येशू : दोन चित्रं, दोन पद्धती



सतराव्या शतकातल्या युरोपात, म्हणजे बरोक काळात, धार्मिक चित्रं फक्त चर्चच्या भिंतींवर नव्हती. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापून ती लोकांच्या हातातही पोचत होती. पत्रा तयार करायच्या दोन पद्धती आज समजून घेऊया.

१) एन्ग्रेव्हिंग : पोलादी कोरणीने पत्र्यात थेट रेघ खोदायची. जोर जास्त, तर रेघ जाड. फ्रान्सच्या क्लोद मेलाँने १६४९ मध्ये वेरोनिकाच्या रुमालावर उमटलेला येशूचा चेहरा असा कोरला. गंमत म्हणजे सगळा चेहरा एकाच रेघेत आहे! नाकाच्या शेंड्यापासून रेघ गोल गोल फिरत बाहेर जाते. जिथे सावली, तिथे ती जाड होते, बस्स.

२) एचिंग : पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात ठेवायचा. थर खरवडला असेल तिथेच आम्ल तांबं खातं. त्यामुळे हात पेन्सिलीसारखा मोकळा चालतो.

दोन्हींत पुढे खाचांत शाई भरतात, वरची पुसतात आणि ओलसर कागदावर दाबून ठसा घेतात. चित्र उलटं उमटतं.

एचिंगचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रेम्ब्रांचं, साधारण १६४८ चं 'हंड्रेड गिल्डर प्रिंट'. यात त्याने काही रेघा सुईने थेटही ओढल्या आहेत. मधे प्रकाशात येशू, उजवीकडच्या अंधारातून येणारे आजारी लोक. डावीकडे एक आई बाळाला घेऊन पुढे येतेय. शिष्य पीटर तिला अडवतोय आणि येशू हातानेच पीटरला थांबवतोय. मुलांना माझ्याकडे येऊ द्या, हा बायबलमधला प्रसंग.

खरं सांगू? मला आधी फक्त प्रकाश दिसला होता. पीटरचा हात दिसला तेव्हा आठवलं, स्नेहसंमेलनाच्या तयारीत एका अडखळणाऱ्या मुलाला "तू मागे बस" असं मीच म्हटलं होतं. तो वर्षभर मागेच बसला.

वर्गात करून पहा : मुलांना पेन्सिल न उचलता एक गोल फिरणारी रेघ काढू द्या, कुठे दाबून, कुठे हलकी. मग रेम्ब्रांचं चित्र दाखवून एवढंच विचारा, "कोण कोणाला अडवतंय?" हा कोणाचा देव, असं मुलं विचारतील. सरळ उत्तर द्या. चित्र बघायला धर्म आड येत नाही.

आणि हो, मागच्या बाकावरच्यांना आधी पुढे बोलवा.