खुली वास्तुसंग्रहालये : जतन आणि स्थलांतर
(‘दक्षिणचित्र’च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
वस्तुसंग्रहालयात वस्तू काचेमागे असते. खुल्या वास्तुसंग्रहालयात घर हीच प्रदर्शनवस्तू असते आणि प्रेक्षक तिचा उंबरठा ओलांडून आत जातो. आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेले ‘स्कानसेन’ हे या प्रकाराचे आद्य व प्रभावी उदाहरण होय. औद्योगिकीकरणाच्या रेट्यात लोप पावणारे ग्रामजीवन जतन करणे, हा त्यामागील हेतू होता.

‘दक्षिणचित्र’चे स्वरूप :
भारतात या परंपरेशी नाते सांगणारे ‘दक्षिणचित्र’ चेन्नईच्या दक्षिणेस मुट्टुकाडू येथे १९९६ मध्ये खुले झाले. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मद्रास क्राफ्ट फाउंडेशनचा हा प्रकल्प असून त्याच्या वास्तुरचनेत लॉरी बेकर यांचा सहभाग होता. तेथे चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचा वाडा, केरळातील सिरियन ख्रिस्ती कुटुंबाचे लाकडी घर, अग्रहारातील घर, कुंभाराचे घर आणि इलकल येथील विणकराचे घर पाहावयास मिळते. इरकली लुगड्याशी परिचित असलेल्या मराठी प्रेक्षकास या शेवटच्या घरात त्या वस्त्रामागील माग आणि संसार एकाच छपराखाली दिसतात.

जतनाची मर्यादा :
लाकडी घराचे सांधे सोडवून, प्रत्येक भागास क्रमांक देऊन ते अन्यत्र उभारता येते. मातीची भिंत अशी हलविता येत नाही. ती नमुन्याबरहुकूम नव्याने घालावी लागते. त्यामुळे ‘मूळ’ आणि ‘प्रतिकृती’ शेजारी शेजारी नांदतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार वास्तू तिच्या परिसरापासून अविभाज्य असते. रक्षणासाठी अनिवार्य असेल किंवा अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय हितासाठी समर्थनीय असेल तेव्हाच तिचे स्थलांतर क्षम्य ठरते. शिवाय, परिसरासोबत सामाजिक अंतरही पुसले जाते. गावात अग्रहार आणि कुंभारवाडा यांच्यामध्ये जातिव्यवस्थेची सीमा असे. संग्रहालयात ते अंतर काही पावलांचेच उरते.

निष्कर्ष :
स्थलांतरामुळे घर वाचते, गाव मात्र मागे राहते. म्हणून शैक्षणिक भेटीत विद्यार्थ्यांना केवळ ‘येथे काय आहे?’ असे न विचारता ‘हे कोठून आले, यातील नवे काय आणि याच्या शेजारी पूर्वी कोण राहत होते?’ असे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. या प्रश्नांविना अशी भेट रम्य सहलीपुरतीच मर्यादित राहते. त्यांच्यासह ती इतिहास, समाजशास्त्र आणि स्थापत्य यांचा एकत्रित पाठ होते.