शीवचा किल्ला
शीवचा किल्ला : मुंबईतील एक जुना सरहद्दीचा किल्ला. ‘शीव’ म्हणजे सीमा. मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड आँजियर याच्या कारकीर्दीत (१६६९–७७) तो टेकडीवर बांधण्यात आला. त्या वेळी परळ बेट इंग्रजांकडे, तर खाडीपलीकडील साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होते. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीवर स्वारी केली आणि सीमेपलीकडील सत्ता बदलली. त्याच वर्षी इंग्रजांनी नजीकच्या धारावीत काळा किल्ला उभारला. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली व सालबाईच्या तहाने (१७८२) ती त्यांच्याकडेच राहिली. सीमाच पुढे सरकल्याने किल्ल्याचे लष्करी प्रयोजन संपले. कालांतराने शहर उत्तरेस विस्तारले आणि एकेकाळची वेस भरवस्तीत आली. किल्ल्याचे भग्नावशेष टिकून असून टेकडीच्या पायथ्याशी उद्यान आहे.