प्रकृतीची रोजकीर्द

आमच्या पिशोरच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे एक ‘कालनिर्णय’ टांगलेले असते. एकादशी, संकष्टी पाहण्यासाठी ते आहेच. पण आईच्या लेखी त्याचा खरा उपयोग दुधाच्या हिशेबाचा. गवळी दूध घालून गेला की ओला हात पदराला पुसत ती त्या तारखेच्या चौकटीत आकडा टाकते. महिनाअखेरीस त्या दोघांत कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही.

हीच आई प्रकृतीच्या हिशेबात मात्र अगदी अव्यवहारी! दोन वर्षे तिला अधूनमधून चक्कर येत होती. मी नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरात; पंधरा दिवसांनी कन्नडमार्गे गावी जातो. विचारले की उत्तर ठरलेले, “बरी आहे रे. वयच झालं आता.” डॉक्टरांनी विचारले, “चक्कर केव्हा येते?” तर म्हणाली, “येते आपली, केव्हाही.” मधुमेहाची गोळी चालूच होती. तपासण्या झाल्या, त्यांत काही सापडेना. कारण तपासणीच्या दिवशी तिला कधी चक्कर आलेलीच नसे.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वैद्यकातले मला काय कळणार? पण त्याच सुमारास वर्गात बखरवाङ्मय शिकवीत होतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा. मागाहून आठवणीने लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेले पत्र अधिक विश्वासाचे, हा त्यांचा आग्रह. बखर रसाळ खरी. पण तारखा चुकतात, आकडे फुगतात. मनात आले, डॉक्टरांपुढे आपण सारे सांगतो ती प्रकृतीची बखरच की!

हा विचार माझ्याआधी पुष्कळांनी केला होता, हे मागून वाचनात आले. १९९६ साली रेडेलमायर व काहनेमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी चालू असता रुग्णांना मिनिटामिनिटाला विचारले, “आता किती दुखते?” नंतर त्यांनाच विचारले, “एकंदरीत किती दुखले?” मागाहूनचे उत्तर ठरले ते मुख्यतः दोन गोष्टींवर : सर्वांत तीव्र कळ कोणती आणि शेवट कसा झाला. तपासणी किती वेळ चालली, हे स्मृतीने जवळजवळ हिशेबातच धरले नाही.

मग उपाय काय? माणूस आपल्या घरी, आपल्या कामात असतानाच त्याला विचारावे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत चिकसेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या कमरेला पेजर अडकवले. तो वाजला की काय करता आहात व मनाची अवस्था कशी आहे, हे तिथल्या तिथे लिहायचे. १९९४ साली स्टोन व शिफमन यांनी असल्या पद्धतींना ‘इकॉलॉजिकल मोमेंटरी असेसमेंट’ असे भारदस्त नाव दिले. आपण साधे ‘तत्क्षणीची नोंद’ म्हणू. आज पेजर गेले, ते काम खिशातला मोबाईल करतो.

आपल्या देशातही हे झाले आहे. चंदीगडच्या सुमन वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीतल्या शंभर मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या हातांत आठवडाभर गजराची घड्याळे बांधली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मुलांच्या जागेपणीचा सुमारे एक तृतीयांश वेळ शाळा आणि अभ्यास यांतच जात होता, आणि गृहपाठाच्या वेळी मने खट्टू असत. ‘आमचा बंड्या अगदी मजेत आहे’ म्हणणाऱ्या आईबापांनी याचा विचार करावा!

आणि पुण्याचे उदाहरण? तिथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरच्या ८८० शहरांतील व गावांतील डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या रुग्णांच्या तक्रारी टिपल्या. रुग्ण दोन लाखांवर. त्यांतल्या निम्म्यांची तक्रार श्वसनाशी संबंधित होती. इथे लेखणी डॉक्टरांच्या हाती होती. पण नोंद त्याच दिवसाची, हे महत्त्वाचे.

मात्र नोंद ‘तत्क्षणीची’ हवी, ही अट कठीण आहे. एकदा मी स्वतः दिवसाचे चहाचे कप लिहायचे ठरवले. सोमवार-मंगळवार नीट गेले. पुढचे चार दिवस मी शनिवारी रात्री एका बैठकीत लिहून काढले. विद्यार्थी प्रॅक्टिकलचे जर्नल पुरे करतात तसे! अर्थात यात मी एकटा नाही. २००२ साली स्टोन यांनीच जुनाट वेदनेच्या रुग्णांना कागदी रोजनिशा दिल्या आणि वहीत, ती उघडल्याची वेळ टिपणारे यंत्र गुपचूप बसवले. नोंदींवरून ९० टक्के वेळा रोजनिशी वेळेवर भरलेली दिसत होती. यंत्राने सांगितले, ११ टक्के! वेळ आपोआप नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वहीत हेच प्रमाण ९४ टक्के निघाले.

असो. आईला मोबाईल देण्यात अर्थ नव्हता. मी ‘कालनिर्णय’च्या खिळ्याला दोरीने लाल पेन्सिल बांधली आणि म्हटले, “चक्कर आली की फुली मार, आणि शेजारी वेळ लिही.”

“अरे, चक्कर आल्यावर पेन्सिल धुंडू का खांब धरू?”

“आधी खांब धर, मग बस, मग फुली मार.”

दोन महिन्यांत नऊ फुल्या पडल्या. मी नुसता मोजत बसलो, सौ.ने मात्र एका नजरेत ओळखले. “अहो, सगळ्या फुल्या गुरुवारी नाहीतर एकादशीला आहेत!” वेळही सकाळी अकरा-बाराचीच. उपासाच्या दिवशी आई सकाळची गोळी नेमाने घेई आणि संध्याकाळपर्यंत पोटात घोटभर चहाखेरीज काही नसे.

कॅलेंडरची पाने घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुढच्या वेळी चक्कर आली की तिथल्या तिथे बोटातल्या रक्ताची साखर मोजायला सांगितले. तशी ती मोजली, आणि ७० च्या बरीच खाली निघाली. गोळी बदलली, तिची वेळ बदलली, उपाशी पोटी राहायचे नाही अशी ताकीद मिळाली. नुसत्या फुलीने निदान झाले नसते, हे खरे. पण कुठे पाहायचे, ते फुलीने दाखवले.

परतताना मी जरा रागानेच विचारले, “उपासाच्याच दिवशी येते, हे तुला कधी जाणवलं नाही?”

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “थोडं जाणवलं होतं. पण सांगितलं असतं तर उपास सोडायला लावला असतास.”

मी गप्प झालो. स्मृती चुकते, एवढेच मी पुस्तकांत वाचले होते. माणूस जवळच्यांपासून लपवतोही. शिवाय दोन वर्षे ‘बरी आहे’ या दोन शब्दांवर मी समाधान मानले होते, तो दोष कोणाच्या खाती मांडायचा?

आता ती गुरुवारी दूध-फळे घेते. देवाची काही तक्रार आलेली नाही. पाडव्याला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतील. त्यांचा नियम जुना आहे : खतावणी सवडीने मांडता येते, पण रोजकीर्द त्याच दिवशी लिहावी लागते. नव्या वर्षाचे ‘कालनिर्णय’ घरात येईल, तेव्हा त्याच्या खिळ्याला एक लाल पेन्सिल बांधून ठेवा. आणि आईला ‘कशी आहेस?’ असे विचारण्याऐवजी विचारा, ‘आत्ता, या क्षणी, कसं वाटतंय?’