प्राग: लिस्टमधला राहून गेलेला किल्ला

सुट्टी मोजून पाच दिवस, त्यातला प्रागच्या वाट्याला एकच. मग काय, लिस्ट हातात घेऊनच फिरत होते! ओल्ड टाऊन चौकातलं १४१० सालचं घड्याळ. दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून प्रेषित फिरून जातात. फोटो, टिक! १३५७ मध्ये बांधायला घेतलेला चार्ल्स पूल. टिक!

दुपारी पाऊस आला, म्हणून तिकीट काढून पिंकास सिनेगॉगमध्ये शिरले. भिंतींवर आधी बारीक नक्षीच वाटली. जवळ गेले, तर नावं! नाझींच्या हत्याकांडात गेलेल्या इथल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची, हातानं लिहिलेली. कम्युनिस्ट राजवटीत ती काढून टाकली गेली. १९९२ ते १९९६ मध्ये एकेक करून पुन्हा लिहिली. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीत डांबलेल्या मुलांनी काढलेली चित्रं.

कॅमेरा आपोआप पर्समध्ये गेला. मी नावं वाचत राहिले. एक भिंतसुद्धा पूर्ण झाली नाही, तोवर संध्याकाळ.

प्रागचा किल्ला राहिलाच. ऑफिसात सगळे विचारतात, ‘तो नाही पाहिलास?’ नाही. पण तुम्ही जाल तेव्हा शनिवार टाळा, त्या दिवशी सिनेगॉग बंद असतं. आणि हो, त्याच्यापुढे लिस्टमध्ये काहीच लिहू नका.