वस्तुकेंद्री आज्ञावली : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कशी शिकावी?

संगणकाकडून एखादे काम करून घ्यावयाचे म्हणजे त्या कामाच्या सूचना त्याला क्रमवार लिहून द्यावयाच्या. सूचनांच्या या संचास आज्ञावली म्हणतात. लहान कामास सूचनांची सलग यादी पुरते. परंतु काम वाढले, ते अनेकांनी मिळून लिहिले आणि त्यामागील नियम वरचेवर बदलू लागले, की अशी यादी सांभाळणे कठीण होते. या अडचणीवर उपयुक्त ठरलेली पद्धत म्हणजे ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’, अर्थात वस्तुकेंद्री आज्ञावली-लेखन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षासाठी या विषयाचा समावेश करण्यात आला.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचा पाया नॉर्वेतील ऑस्लो येथे घातला गेला. तेथील नॉर्वेजियन संगणन केंद्रातील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर या शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर उभी करावयाची होती. त्यातून ‘सिम्युला ६७’ ही भाषा निर्माण झाली. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ब्यार्न स्ट्रॉउस्ट्रप यांनी ‘सी’ भाषेला सिम्युलातील कल्पनांची जोड देण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘सी प्लस प्लस’ साकार झाली. ‘जावा’ १९९५ मध्ये आली. डाल व न्यूगोर यांना २००१ चा ट्यूरिंग पुरस्कार देण्यात आला.

गावच्या दप्तरातील उदाहरण

ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातील रकान्यांचा ठरलेला साचा म्हणजे ‘क्लास’ आणि त्या साच्यानुसार नोंदलेली एकेक मालमत्ता म्हणजे ‘ऑब्जेक्ट’, असे स्थूलमानाने म्हणता येईल. फरक इतकाच, की ऑब्जेक्टजवळ माहितीबरोबर कामेही सोपविलेली असतात.

थकबाकीचा आकडा ऑब्जेक्टच्या आत सुरक्षित ठेवता येतो. बाहेरून कोणालाही तो परस्पर बदलता येत नाही. पावती नोंदविली तरच तो कमी होतो. हे ‘एन्कॅप्सुलेशन’ होय. घर आणि मोकळी जागा हे दोन्ही मालमत्तेचेच प्रकार. त्यांच्यातील समान बाबी एकदाच लिहून दोघांनाही लागू करणे हा ‘इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. ‘तुझा कर सांग’ ही एकच आज्ञा दिली असता घर व मोकळी जागा आपापल्या नियमानुसार उत्तर देतात, ही ‘पॉलिमॉर्फिझम’, म्हणजे बहुरूपता. उद्या मोकळ्या जागेचा नियम बदलला, तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. घरांच्या हिशेबास धक्का लागत नाही.

विद्यार्थी कोठे अडतो?

वरील संज्ञांच्या व्याख्या पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते कोणते काम कोणाकडे सोपवावे हे ठरविणे. वारशाचा अस्थानी वापर ही नित्याची चूक होय. घर हा मालकाचा प्रकार नव्हे. घराला मालक असतो. विक्री झाली की मालक बदलतो, घर तेच राहते. हा भेद सुटला, तर साध्या फेरबदलासाठीही सारी रचना मोडावी लागते. उलट, चार ओळींच्या हिशेबासाठी क्लासांचा पसारा मांडणेही अनावश्यक आहे.

यास्तव शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रथम संगणकापुढे न बसविता एखादे परिचित दप्तर अभ्यासण्यास द्यावे. त्यातील घटक, त्यांची माहिती व त्यांची कामे कागदावर मांडून घ्यावीत. आज्ञावली तयार झाल्यावर एखादा नियम मुद्दाम बदलावा आणि दुरुस्ती किती ठिकाणी करावी लागते ते मोजावयास सांगावे. व्याख्येपेक्षा ही कसोटी अधिक खरी आहे. आजचा विद्यार्थी उद्या सार्वजनिक कामकाजाच्या आज्ञावली लिहिणार आहे. त्यातील एका चुकीच्या रचनेमुळे कर भरलेल्या नागरिकाच्या नावावरही थकबाकी दिसू शकते, याचे भान त्याला शिकतानाच यावयास हवे.