स्वरांचा दुभाषी

बोललेला शब्द आणि छेडलेला स्वर यांचे आयुष्य क्षणाचे असते. लिहिलेले पत्र पन्नास वर्षांनीही वाचता येते, काढलेले चित्र भिंतीवर टिकून राहते. परंतु सतारीचा झणत्कार किंवा गिटारचा नाद हवेत उमटतो आणि हवेतच विरून जातो. हा नाद धरून ठेवण्याचे स्वप्न माणसाने फार दिवस पाहिले होते. १८७७ साली अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ हे यंत्र तयार करून ते स्वप्न खरे करून दाखविले. १९०२ साली कोलकाता येथे प्रसिद्ध गायिका गोहरजान यांचे गायन मुद्रित झाले. त्या काळी गायकाला यंत्राच्या कर्ण्यासमोर उभे राहून मोठ्याने गावे लागे आणि अवघ्या तीनेक मिनिटांत गाणे आटोपावे लागे. यंत्रे अवजड, ती चालविणारे तज्ज्ञ थोडे. म्हणून कलावंताने यंत्राकडे जावयाचे, अशीच रीत होती.

आज ही रीत पालटली आहे. ध्वनिमुद्रणाची सामग्री आता घरातील एका मेजावर मावते. गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी आपले वादन घरच्या संगणकावर उतरवून घेऊ शकते. त्यासाठी वाद्य आणि संगणक यांच्यामध्ये एक लहानशी पेटी असावी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस असे म्हणतात. ही पेटी कशी निवडावी हे न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया जातात, आणि मनासारखा आवाजही हाती लागत नाही. दुकानात गेले म्हणजे मोठमोठ्या आकड्यांची आणि चकाकणाऱ्या बटणांची भुरळ पडते. परंतु पेटी नेमके कोणते काम करते हे एकदा नीट समजले, म्हणजे निवड करणे अवघड राहत नाही.

हे काम दुभाष्याचे आहे. दोन भिन्न भाषा बोलणारी माणसे एकत्र आली, की मध्ये दुभाषी लागतो. गिटारची भाषा कंपनांची आहे. तार छेडली, की ती थरथरते; तिच्याबरोबर वाद्याची पोकळ पेटी आणि भोवतालची हवा थरथरते. हवेतील ही थरथर मायक्रोफोनवर आदळली, म्हणजे तिचे विजेच्या क्षीण प्रवाहात रूपांतर होते. संगणकाची भाषा मात्र केवळ अंकांची आहे. त्याला ना थरथर कळते, ना प्रवाहातील चढउतार. इंटरफेस प्रथम क्षीण प्रवाहाला बळ देतो, मग त्याचे अंकांत रूपांतर करतो, आणि संगणकाने साठविलेले अंक परत करताच त्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करून आपल्या कानांपर्यंत पोहोचवितो. चांगला दुभाषी पदरचे काही घालीत नाही आणि बोललेले काही गाळीत नाही. चांगल्या इंटरफेसची पारखही हीच होय.

आता आवाजाचे अंक कसे होतात ते पाहू. तापाने आजारी असलेल्या माणसाच्या उशाशी एक तक्ता असतो. दर काही तासांनी ताप मोजून त्यात लिहितात. दिवसातून एकदाच सकाळी ताप मोजला, तर संध्याकाळी चढलेला ताप तक्त्यात दिसणारच नाही. मोजमाप जितके वारंवार, तितके तापाचे चित्र खरे. इंटरफेसही प्रवाहाचे असेच मोजमाप घेत असतो. मात्र दिवसातून चार वेळा नव्हे, तर दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा!

इतकी घाई कशासाठी? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत होणारी कंपने ऐकू येतात. एखादे कंपन अंकांवरून पुन्हा उभे करावयाचे असेल, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. हा नियम अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताने स्पष्ट केला. वीस हजारांची दुप्पट चाळीस हजार होते. त्याहून थोडी अधिक मोजमापे घेतली, की कानाला ऐकू येणारे सारे काही त्यांत येते. म्हणूनच १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४,१०० हा आकडा ठरविण्यात आला. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात, आणि सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३०. त्यांच्याबरोबर उठणारे सूक्ष्म स्वर पुष्कळ वर जातात हे खरे. पण तेही या मर्यादेत सामावतात. तेव्हा पेटीवर १,९२,००० असा आकडा छापलेला दिसला, तर त्यामुळे आपली गिटार चौपट गोड वाजेल, असे समजू नये.

मोजमाप किती वेळा घेतले याबरोबरच ते किती बारकाईने घेतले यालाही महत्त्व आहे. फक्त सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने पेन्सिलीचे टोक मोजता येत नाही. त्याला मिलिमीटरच्या खुणा लागतात. सोळा बिटांच्या मोजमापात अशा ६५,५३६ खुणा असतात, तर चोवीस बिटांच्या मोजमापात १,६७,७७,२१६. आजकालच्या बहुतेक लहान इंटरफेसमध्ये चोवीस बिटांची सोय असते, आणि घरच्या कामाला ती पुरून उरते.

आकड्यांचा उलगडा झाल्यावर खरा प्रश्न येतो, तो असा की, आपले वाद्य कोणते? पोकळ पेटीची साधी गिटार असेल, तर तिचा आवाज हवेतून टिपण्यासाठी मायक्रोफोन हवा. त्यासाठी इंटरफेसवर तीन टोकांची वायर बसेल अशी खोबण लागते. मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा असेल, तर त्याला चालविण्यास ४८ व्होल्टची वीज त्याच वायरीतून पुरवावी लागते. तिला फँटम पॉवर म्हणतात, आणि ती देण्याचे बटण इंटरफेसवर असते. डायनॅमिक जातीच्या मायक्रोफोनला या विजेची गरज नसते.

विजेच्या गिटारची गोष्ट निराळी आहे. तिच्या तारांखाली चुंबक असतो, आणि चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेची हजारो वेटोळी असतात. चुंबकाजवळ पोलादी तार थरथरली, की त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग आहे. नायलॉनच्या तारांवर मात्र चुंबकाचा प्रभाव चालत नाही. म्हणून तशा गिटारसाठी बहुधा मायक्रोफोन वापरतात. या वेटोळ्यांतून येणारी वीज फार नाजूक असते. अशक्त वासराला भरलेल्या गाडीला जुंपावे, तसा तिच्यावर भार पडला, तर वरचे तेजस्वी स्वर नाहीसे होतात आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी बोथट ऐकू येते. म्हणून तिच्यासाठी सुमारे १० लाख ओहम रोध असलेली खास खोबण लागते. रोध मोठा असल्यामुळे ती फार थोडी वीज ओढते, आणि स्वराचे तेज कायम राहते. या खोबणीजवळ पुष्कळदा गिटारचे लहानसे चित्र काढलेले असते, किंवा ‘इन्स्ट’ अथवा ‘हाय-झेड’ अशी खूण असते. विजेची गिटार वाजविणाऱ्याने ही खूण पाहिल्यावाचून पेटी विकत घेऊ नये.

दुसरा प्रश्न असा की, एका वेळी किती आवाज उतरवावयाचे आहेत? एकट्या गिटारला एक खोबण पुरते. गिटार वाजविता वाजविता गावयाचे असेल, तर दोन हव्यात. आठ-आठ खोबणींच्या पेट्याही मिळतात. पण त्या अनेक वादकांच्या मेळ्यासाठी असतात. चार माणसांच्या घरात चाळीस माणसांचा हंडा आणून ठेवण्यात काय अर्थ आहे?

तिसरी गोष्ट दुकानात सहसा दिसून येत नाही. ती वाजवावयास बसल्यावरच ध्यानात येते. नदीच्या पैलतीरावर धोबी कपडे आपटत असला, तर त्याचा हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून ऐकू येतो. संगणकातून फिरून आलेला आपलाच स्वर कानावर असाच उशिरा पडू शकतो. संगणक एकेक अंक न उचलता अंकांचे गठ्ठे करून त्यांची ने-आण करतो. विहिरीवरून मोठी घागर भरून आणली, तर खेपा कमी होतात, पण घरातल्या तहानेल्याला वाट पाहावी लागते. तांब्याने पाणी आणले, तर ते लवकर मिळते, पण आणणारा दमून जातो. येथेही तसेच होते. गठ्ठा १,०२४ अंकांचा असेल आणि सेकंदाला ४८,००० मोजमापे होत असतील, तर एक गठ्ठा भरावयास सुमारे २१ सहस्रांश सेकंद लागतात. जाताना एक गठ्ठा आणि येताना एक, असे मिळून ४० सहस्रांशांहून अधिक वेळ जातो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १४ मीटर अंतर तोडतो. म्हणजे गिटार मांडीवर असूनही, ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वाजते आहे, असा भास होतो आणि ताल चुकू लागतो. गठ्ठा १२८ अंकांचा केला, तर हा विलंब पुष्कळच कमी होतो. मात्र जुना संगणक इतक्या खेपांनी दमला, की आवाजात खरखर येऊ लागते.

यावर एक सोपा तोडगा आहे. पुष्कळ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचे बटण असते. ते दाबले, म्हणजे आपला स्वर संगणकाचा फेरा न घेता थेट हेडफोनमध्ये ऐकू येतो. संगणक साधा असेल, तर हे बटण असलेली पेटीच निवडावी. तिची जोडणीची वायर आपल्या संगणकाला किंवा मोबाइलला चालते की नाही, आणि तिला लागणारी वीज त्याच वायरीतून मिळते की निराळी द्यावी लागते, हेही आधी विचारून घ्यावे. इंग्लंडमधील फोकसराइट, जर्मनीतील स्टाइनबर्ग, अमेरिकेतील मोटू अशा अनेक कंपन्या या पेट्या तयार करतात. नुसत्या नावावरून किंवा किमतीवरून भुलून न जाता वरील प्रश्नांची उत्तरे पडताळून पाहणे हेच शहाणपणाचे.

पेटी घरी आणल्यावर एक गोष्ट शिकलीच पाहिजे. तिच्यावर आवाजाला बळ देणारा एक खुंटा असतो. तो फार पिळला, की माप ओसंडते. पट्टीवरची शेवटची खूण ओलांडून गेलेला आवाज मोजताच येत नाही. त्याची शिखरे छाटली जातात आणि कर्कश फाटका ध्वनी उरतो. छाटलेले शिखर मागाहून खरेखुरे परत येत नाही. उलट, थोडा हळू उतरलेला आवाज पुढे सहज वाढविता येतो. म्हणून मुद्रणाला आरंभ करण्यापूर्वी त्या गतीतील सर्वांत जोरकस तुकडा वाजवून पाहावा, आणि तेव्हाही लाल दिवा लागणार नाही इतपत खुंटा मागे घ्यावा. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, आणि स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्याव्यात. प्रामाणिक दुभाषी याही आवाजांचे भाषांतर करतोच!

शेवटी एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ च्या जानेवारीत, न्यू जर्सी राज्यातील कोल्ट्स नेक या गावी, आपल्या राहत्या घरात काही नवी गीते गिटारवर गाऊन मुद्रित केली. त्यांच्यापाशी होते ते टीॲक कंपनीचे, कॅसेटवर चार आवाज निरनिराळे उतरविणारे, एक लहान यंत्र. आपल्या साथीदारांना गीतांची कल्पना यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे साथीदारांसह मोठ्या स्टुडिओत ती गीते पुन्हा वाजविण्यात आली. परंतु घरच्या कॅसेटवरील आर्तता तेथे उतरेना. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. आजच्या साध्यातल्या साध्या इंटरफेसची मोजमापे त्या कॅसेटयंत्राहून कितीतरी काटेकोर असतात.

यावरून काय घ्यावयाचे, ते उघड आहे. साधन गरजेपुरते असावे, पण विश्वासू असावे. दुभाषी कितीही निष्णात असला, तरी जे बोललेच गेले नाही ते तो सांगू शकत नाही. आपले वादन उतरवून ते शांतपणे ऐकणाऱ्याला कोठे बोट घसरले, कोठे ताल धावला, हे स्पष्ट कळते. सभेतील टाळ्या जे सांगत नाहीत, ते हे लहानसे यंत्र सांगते. त्याचे ऐकून जो पुन्हा रियाजाला बसतो, त्याच्याच हातून ही पेटी सार्थकी लागते.