कानटोपीवाली बॅट, गोल्फ कोर्सवर हिट!

अंधार पडल्यावर गोल्फ कोर्सवर कान टवकारून कोण उभं असतं, माहीत आहे का? मायामीजवळच्या कोरल गेबल्समधले बॅटप्रेमी! (उडणारी बॅट हो, क्रिकेटची नव्हे.) ग्रॅनडा गोल्फ कोर्सवरची ही स्टार म्हणजे फ्लोरिडा बॉनेटेड बॅट. साऱ्या जगात फक्त दक्षिण फ्लोरिडात राहणारं वटवाघूळ!

मोठे कान डोळ्यांवर कानटोपीसारखे झुकलेले. पंख पसरले की जवळजवळ अर्धा मीटर, वजन मात्र एका लिंबाएवढं. तरी फ्लोरिडातलं सगळ्यात मोठं वटवाघूळ हेच.

बहुतेक वटवाघळांची शिकारीची हाक आपल्याला ऐकूच येत नाही. हिची पट्टी खालची, साधारण १० ते १८ किलोहर्ट्झ. तरुण कानांना लागलीच कळते. आजोबांनी मात्र नातवाला विचारावं, "आली का रे?"

आणि हे ऐका! १९३२ मध्ये ग्लोव्हर ॲलन यांनी शास्त्रात हिची ओळख करून दिली, तीही जीवाश्मावरून. जिवंत वटवाघळं त्यानंतर सापडली. आधी श्राद्ध, मग बारसं! स्वतंत्र प्रजात म्हणून मान मिळाला तो तर २००४ मध्ये.

गोल्फ कोर्सच का? हिचे पंख लांब नि अरुंद, वेगासाठी बनलेले. झाडीत गिरक्या घेणं जमत नाही, मोकळं आकाश हवं. जमिनीवरून टेकऑफही अवघड! म्हणून घर उंचावर, आधी खाली झेप आणि मग भरारी. सुतार पक्ष्याचं जुनं भोक चालतं, जुन्या बंगल्याची कौलंही चालतात. २०१३ मध्ये एव्हन पार्कला पाइनच्या झाडात हिचं नैसर्गिक घर सापडलं. पत्ता? अमेरिकी हवाई दलाची बॉम्ब टाकायची सरावभूमी! शेजार निवडावा तर असा.

थंडीत गाढ झोप? छे, फ्लोरिडात थंडी आहेच कुठे!

पण पिल्लू एका वेळी एकच, आणि घरं बुलडोझरखाली. २०१३ मध्ये अमेरिकेने हिला 'धोक्यात' ठरवलं, २०२४ मध्ये अकरा लाखांहून जास्त एकर अधिवास अत्यावश्यक म्हणून जाहीर केला.

आता क्लायमॅक्स. झू मायामीशेजारी 'मायामी वाइल्ड्स' नावाचा वॉटर पार्क येणार होता. झूचं पार्किंग म्हणजे या बॅटचं रात्रीचं फूड कोर्ट! निसर्गप्रेमी कोर्टात गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये काउंटीने जागेचा करारच रद्द करायचं ठरवलं. वॉटर पार्क क्लीन बोल्ड, बॅट नॉट आउट!